आसा राजाची ४१ वर्षे त्याच्या शेवटच्या आजारावरून तोलावीत का?

कृष्णाकाठ

काल इथे बायबलमधल्या यहूदाच्या आसा राजावर एक लेखन आले. अखेरच्या दुखण्यात ज्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना गाठले, त्याची आधीची निष्ठा दिखाऊच असली पाहिजे, आणि म्हणून उतारवयात डळमळणाऱ्या प्रत्येकाने आपण कधी खरे विश्वासणारे होतो का हे तपासावे, असा त्याचा रोख होता. ते वाचून मला राग आला. आमच्या मंडळीतले बरेचसे लोक आज त्याच वयात आणि तसल्याच दुखण्यांत आहेत, आणि त्यांच्यापुढे ही शिकवण ठेवणे मला क्रूर वाटते.

राजमाता माका हिने अशेरा देवीसाठी मूर्ती केली, तेव्हा आसाने तिला पदावरून दूर केले आणि ती मूर्ती किद्रोन ओहोळाजवळ जाळली. दरबारात वजन असलेल्या घरच्याच वडीलधाऱ्या बाईविरुद्ध असे पाऊल उचलणे ज्यांना किरकोळ वाटते, त्यांनी आपल्या घरातली एखादी जुनी रीत मोडून पाहावी. मारेशापाशी जेरह कूशीची अफाट सेना समोर उभी असताना, दुर्बळाला साहाय्य करणारा तुझ्यावाचून कोणी नाही, अशी त्याने केलेली प्रार्थना दिखाऊ माणसाची नव्हे. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात तर स्पष्ट म्हटले आहे की, उच्च स्थाने, म्हणजे उंचावरची पूजास्थाने, तशीच राहिली, तरी आसाचे मन आयुष्यभर परमेश्वराशी एकनिष्ठ होते. हे वाक्य बाजूला ठेवून निकाल देता येत नाही.

माझ्या मते आसा घसरला तो वैद्यांच्या दारात नव्हे. हनानी द्रष्ट्याने तोंडावर चूक सांगितली आणि राजाने त्याला कैदेत घातले, तिथे तो घसरला.

दीपमाळ

कृष्णाकाठ, कालचे लेखन माझे होते, म्हणून उत्तर देते. हनानी राजापुढे का आला, हे तुम्ही घाईने ओलांडले आहे. इस्राएलाचा राजा बाशा याने यरुशलेमापासून जेमतेम दोन तासांच्या पायवाटेवर रामा गावाला तटबंदी करून यहूदाची वाट अडवली. तेव्हा आसाने मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे काढून बाशावर चाल करावी म्हणून दमास्कसच्या अरामी राजा बेन-हदादला पाठवले. त्याने आणि त्याच्या बापाने वाहिलेल्या वस्तू स्वतः आसानेच त्या मंदिरात आणल्या होत्या! पुढे अरामी फौजेने ईयोन, दान आणि आबेल उद्ध्वस्त केले. ती भावांचीच गावे होती. बाशा मागे हटला, रामाच्या दगडांनी आसाने गेबा व मिस्पा बांधले आणि त्याची युक्ती सफल ठरली. अशा सफल युक्तीनंतर माणूस पुन्हा गुडघे टेकत नाही, आणि वैद्यांचा उल्लेख त्याच ओघात येतो. मी ताणून अर्थ काढलेला नाही.

मिरजेची परिचारिका

मला राजकारणावर बोलायचे नाही. मात्र आसाच्या त्या एका ओळीने किती माणसे मारली, ते मी पाहिले आहे. माझ्या सख्ख्या मावशीला मधुमेह होता आणि पायाला जखम होती. एका प्रार्थना सभेत तिला हीच ओळ वाचून दाखवली गेली आणि तिने गोळ्या बंद केल्या. आम्ही तिला रुग्णालयात आणले तेव्हा पाय वाचवण्याची वेळ टळून गेली होती, आणि नंतर ती स्वतःही वाचली नाही. ज्यांनी ओळ वाचली, ते अंत्यविधीला पुढच्या रांगेत होते.

यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकला असताना यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला. शुभवर्तमानकार लूक वैद्य होता. १८९४ साली मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले, त्याच परंपरेत माझ्यासारख्या शेकडो मुली प्रार्थना करून पाळीवर उभ्या राहिल्या. आमचे आयुष्य अविश्वासात गेले, असे दीपमाळ यांनी मला सरळ सांगावे.

दीपमाळ

हे मी कुठेही म्हटलेले नाही आणि आपण माझ्यावर लादत आहात. औषध सोडा असे माझ्या लेखनात एक अक्षर नाही. माझी आई रक्तदाबाची गोळी प्रार्थना करूनच घेते. आसाने वैद्य बोलावले हा दोष नसून, दुखणे अतिशय वाढले तरी त्याने परमेश्वराकडे तोंड वळवले नाही, हा आहे. आपल्या मावशीचे मला फार वाईट वाटते, पण एका सभेच्या अपराधाची शिक्षा शास्त्रवचनाला देऊ नका.

मिरजेची परिचारिका

शिक्षा वचनाला नाही, ते कसे वाचले जाते त्याला आहे. पहिल्या राजांत पायांच्या रोगाचा उल्लेख आहे, वैद्यांचा नाही. ते फक्त ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकात येतात. उपदेशात मात्र नेमके तेवढेच उचलले जाते. आपला हेतू तसा नसेल हे मान्य, परंतु ‘वैद्यांना गाठले’ हे शब्द आपण लेखाच्या पहिल्याच ओळीत घातले, आणि अर्धवट ऐकणाऱ्या आजारी माणसाच्या मनात तेवढेच उरते.

दीपमाळ

पहिली ओळ बदलते. मुद्दा बदलत नाही.

जुनी वही

दोघींच्या वादात काळाचा प्रश्न राहून गेला आहे. ‘दुसरे इतिहास’मध्ये रामाची घटना आसाच्या ३६व्या वर्षी दिली आहे, पण राजांच्या पुस्तकाप्रमाणे बाशाचा मुलगा आसाच्या २६व्या वर्षीच गादीवर बसला होता. काही अभ्यासक ही ३६ वर्षे इस्राएल आणि यहूदा अशा राज्याच्या फाळणीपासून धरतात. आसाआधीच्या राजांची, रहबामाची १७ आणि अबीयाची ३, वर्षे वजा केली की आसाचे १६वे वर्ष येते. हे धरले तर म्हातारपणीच्या घसरणीचा सिद्धान्तच कोसळतो. अजऱ्या संदेष्ट्याच्या शब्दांनी धीर येऊन १५व्या वर्षी आसाने सगळ्या लोकांसह करार केला, बाशाच्या राज्यातल्या एफ्राईम व मनश्शे इथून माणसे त्याच्याकडे येऊ लागली, आणि ती गळती थांबवायलाच बाशाने लगेच रामा गाठले, असा क्रम लागतो. म्हणजे शपथेचा आवाज विरण्याआधीच आसाने भांडार उघडले. मग हनानीच्या कैदेनंतरची सुमारे २५ वर्षे उरतात, आणि त्यांविषयी ग्रंथ जवळजवळ गप्प आहे.

कृष्णाकाठ

या गणिताने माझी बाजू कठीण होते, हे नाइलाजाने मान्य करतो. म्हातारपणाची सबब आता मला वापरता येत नाही, आणि मंदिराच्या सोन्याबद्दल दीपमाळ यांचे बरोबर आहे. पण त्याच गणिताने त्यांची बाजूही पडते. २५ वर्षे कैदेची गोष्ट मनात असलेला राजा आजारात परमेश्वराकडे का वळू शकला नसेल, याचे उत्तर मला हनानीपाशीच सापडते. ज्याच्या तोंडून परमेश्वराचा शब्द आला, त्यालाच त्याने बंद केले होते. त्याच्या सुटकेची नोंद कुठेही नाही.

पुढे हनानीचा मुलगा येहू आसाच्या मुलापुढे, यहोशाफाटापुढे, तसाच कठोर शब्द घेऊन उभा राहिला. यहोशाफाटाने त्याला हात लावला नाही. उलट यहोशाफाट स्वतः बैर-शेबापासून एफ्राईमच्या डोंगराळ मुलखापर्यंत लोकांत फिरला आणि नगरोनगरी न्यायाधीश नेमले.

दीपमाळ

येहूचे मी लक्षात घेतले नव्हते. तरीही पुढे यहोशाफाटाने इस्राएलाच्या दुष्ट राजाशी जहाजांची भागीदारी केलीच, आणि ती जहाजे फुटली. त्यावर मी स्वतंत्र लिहीन.