ओकम पिकिंगला ‘काथ्याकूट’ चालेल का?

शब्दवेडी : पॉली निकोल्सवरचा लेख मराठीत करतेय. १८८८ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या व्हाइटचॅपलला ‘जॅक द रिपर’ प्रकरणात तिचा खून झाला, ते सगळ्यांना माहीत. मला त्याआधीची पॉली लिहायचीय. पाच मुलांची आई, नवऱ्यापासून विभक्त, लँबेथच्या वर्कहाऊसात, म्हणजे गरिबांना काम करून घेऊन ठेवायच्या जागेत, आत-बाहेर. अशा ठिकाणी जहाजांचे जुने, डांबर बसलेले दोर बोटांनी उकलायला लावत, तेच ओकम पिकिंग. मी ‘काथ्याकूट’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. वाचक हसतील म्हणे.

रिकामटेकडा : हसतीलच. काथ्याकूट म्हणजे आपण इथे करतो ते.

देवगडकर : पण मूळ अर्थ कामाचाच ना? आजी नारळाची सोडणं कुजवून कुटायची, त्याचा सुंभ वळायची. अंदमानातही कैद्यांना काथ्या कुटायला लावत. तुरुंगी मजुरीची छटा त्यात आयतीच आहे.

शब्दवेडी : छटा पटली. पण आजी दोर करायची, इथे दोर मोडायचा. सुटे तंतू पुन्हा जहाजाच्या फळ्यांमधल्या फटींत ठासायला.

मराठीच_बरी : काथ्या नारळाचा. ते दोर हेम्पचे, म्हणजे तागाचे. ‘तागविंचरणी’ म्हणा. ओकमचा ओक झाडाशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ विंचरून निघालेला चोथा. आणि वर्कहाऊस कशाला? ‘श्रमालय’!

देवगडकर : श्रमालय म्हटलं की सूतकताई आणि प्रार्थना डोळ्यापुढे येते. इंग्लंडातल्या १८३४ च्या गरिबांसाठीच्या कायद्यानंतर वर्कहाऊसात नवरा, बायको, मुलं वेगवेगळी ठेवत. लोकांनी दारात येऊच नये म्हणून हाल मुद्दाम केलेले. वर्कहाऊसच राहू द्या.

काळी_माती : ताग म्हणजे हेम्प नव्हे हो. आम्ही हिरवळीच्या खताला पेरतो तो ताग, गोणपाटाचा ज्यूट तोही ताग. हेम्प म्हणजे भांगेचं झाड.

रिकामटेकडा : मग ‘भांग पाडणे’ लिहा. विंचरणंही आलं.

शब्दवेडी : 😄 ‘दोर पिंजणे’ कसं वाटतं? बाईची नखं फाटलीयत, ते वाक्यात दिसायला हवं.

मराठीच_बरी : पिंजायला धनुकली लागते. बोटांनी करतात ते पिंजणं नव्हे.

काळी_माती : आमची आई गादीचा कापूस बोटांनीच पिंजायची.

मराठीच_बरी : ते पिंजणं नाही, निवडणं.

देवगडकर : बाकी, वर कुणीच हटकलं नाही म्हणून विचारतो. ‘त्याचा सुंभ’ बरोबर की ‘त्याचं सुंभ’? घरात दोन्ही ऐकलंय.