कुलूप लावून काकाकुवा गप्प बसणार नाही

पाळलेला काकाकुवा पिंजऱ्याची कडी उघडतो म्हणून पिंजऱ्याला कुलूप घाला, असा सल्ला देतात. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. सिडनीतल्या पिवळ्या तुऱ्याच्या रानटी काकाकुव्यांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी वर विटा ठेवल्या, तर पठ्ठ्यांनी विटाच ढकलून दिल्या! व्हिएन्नाजवळच्या प्रयोगशाळेतल्या फिगारो नावाच्या, गॉफिन जातीच्या काकाकुव्याने तर जाळीपलीकडचा काजू ओढायला लाकडाची लांब ढलपी स्वतः सोलून काढली. ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. अशा डोक्याला दिवसभर वाटीत आयतं खाणं मिळालं की मग किंचाळणं आणि स्वतःचीच पिसं उपटणं सुरू होऊ शकतं.

माझ्या मावसभावाकडे सिडनीत पिवळ्या तुऱ्याचा असाच एक पाळलेला काकाकुवा आहे. त्याला दाणे कागदाच्या पुडीत बांधून देतात. गडी डाव्या पायात पुडी धरतो (ही जात बहुतेक डावरीच), घडी शोधून चोचीने उलगडतो आणि सकाळभर त्यातच रमतो. कागद मात्र साधा घ्या, चिकटपट्टी किंवा स्टेपलरची पिन नको. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच्या चोचीपासून लांब ठेवा.