मदत हवी आहे: दीपस्तंभ आणि ख्रिस्ती साक्ष, तरुणांना कसं सांगू?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. मंडळीच्या तरुण संघापुढे दीपस्तंभावरून ख्रिस्ती जीवनाबद्दल बोलायचं आहे, पण एका जागी अडले आहे.

मत्तय 5:16 मध्ये प्रभू येशू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. लगेच पुढच्या अध्यायात, 6:1 मध्ये, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका असा इशारा आहे. मुलं हे नक्की विचारणार.

मला फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपस्तंभासाठी बनवलेल्या भिंगात थोडी वाट दिसते. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपस्तंभावर ते बसवलं गेलं. चहूकडे विखुरणारा उजेड काचेच्या कड्या गोळा करतात आणि क्षितिजाकडे वळवतात. ज्योत तीच, पण उजेड कितीतरी लांब पोचतो! आणि खलाशाला बुरुजाच्या देखणेपणाशी काही देणंघेणं नसतं, त्याला खडक टाळायचा असतो.

इंग्लंडमधल्या एडिस्टन खडकावर जॉन स्मीटनने बांधलेला दीपस्तंभ 1759 चा. त्यात स्तोत्र 127 मधलं वचन कोरलेलं होतं: परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. हे मला फार भावतं, बोलण्यात घेणारच आहे.

तुम्ही या दोन वचनांचा मेळ कसा घालता? भिंग म्हणजे काय म्हणावं: मंडळी, पवित्र आत्मा, की रोजची प्रार्थना? कॉलेजात किंवा नोकरीत फारसं न बोलता साक्ष देता आली असेल, तर तो अनुभव कृपया लिहा. मुलं उपदेशापेक्षा तेच मनापासून ऐकतात.