मान की मनगट? (सोसायटी ग्रुप)

ए-२०३, काकू: हाडांचे चांगले डॉक्टर सुचवा कोणी. दिवाळीपासून उजवा हात रात्री बधिर होतो, मुंग्यांनी जाग येते, कळ खांद्यापर्यंत जाते. एक्स-रेत मानेच्या मणक्यात गॅप निघाला. पट्टा झाला, गोळ्या झाल्या, काही फरक नाही.

डी-१०१, आजोबा: माझ्या ओळखीचा मसाजवाला आहे, नस मोकळी करतो. पाठवू का?

सी-५०२, फिजिओ: आजोबा, नको. मानेला तर झटका देऊच देऊ नका कोणाला. काकू, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत? करंगळीत?

ए-२०३: करंगळी ठीक आहे गं. अंगठा आणि शेजारची दोन. उठून हात झटकला की जरा बरं वाटतं.

सी-५०२: मग मला मनगटाचा संशय जास्त आहे. तिथल्या अरुंद बोगद्यात मीडियन नर्व्ह दबते, त्याला कार्पल टनेल म्हणतात. कळ दंडापर्यंत चढते म्हणून सगळे मानेच्या मागे लागतात. या वयात मणक्याची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर गोष्ट वेगळी. करंगळी बधिर असती तर मी कोपराची नस तपासायला सांगितलं असतं.

बी-४०४: एमआरआय करून टाकावा का सरळ?

सी-५०२: आधी न्यूरोलॉजिस्ट आणि एनसीव्ही. बारीक शॉक देऊन नस कुठे मंदावते ते मोजतात. त्या दिवशी हाताला तेल-क्रीम लावू नका. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. शुगर, थायरॉईड, बी-१२ पण बघून घ्या. साध्या पेनकिलरने नसेचं दुखणं सहसा दबत नाही. काकू, बटण लावताना त्रास होतो? अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालाय?

ए-२०३: वाटी सुटते हातातून. उंचवटा डाव्या हातापेक्षा कमी दिसतोय खरा.

सी-५०२: मग या आठवड्यातच दाखवा. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन पुरतं, पण स्नायू सुकायला लागला की बहुधा ऑपरेशन सुचवतात. छोटं असतं, हात बधिर करून बोगद्यावरचा पट्टा कापतात, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. उशीर झाला तर मात्र गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

ए-६०१: डावा हात अचानक दुखून छातीत दडपण, घाम आला तर ही चर्चा वाचत बसू नका कोणी. सरळ १०८ ला फोन.

बी-४०४: काकू, शनिवारी गाडी काढतो, मी येतो सोबत. जुन्या फाइली काढून ठेवा.