इम्पॅक्ट गनला प्रेशर किती ठेवायचं? काल गोटी (नटावर बसवायचा सॉकेट) फुटली

हायवे_गॅरेजवाला
मंडळी, माझं छोटं गॅरेज आहे, पंक्चर, ब्रेक, सस्पेन्शन असली कामं. गेल्या महिन्यात जुन्यात 3 एचपीचा कॉम्प्रेसर आणि अर्धा इंची एअर इम्पॅक्ट गन (हवेच्या जोरावर ठोके मारून नट फिरवणारी) घेतली. आधी एल पान्यात पाईप घालून वर उभं राहायला लागायचं, त्यामानाने आता सुख आहे. पण काल एका पिकअपचा गंजलेला नट काढताना गोटी फुटली, साध्या सेटातली चमकणारी गोटी होती, दोन सेकंद टरटर केलं आणि फाटकन उभी चिरली, तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन शटरवर आपटला, पत्र्याला पोचा आलाय. तेव्हापासून टरकलोय, खोटं कशाला बोलू. टाकीच्या काट्यावर 9 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाखवतंय आणि तेवढंच सरळ गनला जातं, मधे काही नाही. कमी करू का? आणि पोरं संध्याकाळी त्याच हवेने कपडे झटकतात, ते चालतं का?

जुना_फिटर
भाऊ वाचलास. ती चमकणारी गोटी हाताने फिरवायची असते, गनला नाही. गनची गोटी वेगळी मिळते, काळी, जाड भिंतीची, ती ठोके झेलते. तिच्या मानेला आरपार भोक असतं त्यात पिन घालून वरून रबरी रिंग बसवायची, नाहीतर गोटी गनमधून उडून जाते. सगळा सेट नको घेऊ, 17, 19, 21 आणि 24 मिलिमीटरच्या घे, चारात तुझं बरंचसं काम भागेल.

प्रेशरचं म्हणशील तर बहुतेक गन 90 पाउंडाला (दर चौरस इंचाला) बनवलेल्या असतात, म्हणजे आपले सव्वासहा किलो. 9 वर चालवून नट काही शहाण्यासारखा सुटत नाही, गनच्या आतलं लवकर झिजतं फक्त. फिल्टर, रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करायचा) आणि तेलाची वाटी असं तिन्हीचं जोडसंच मिळतं ते लाव, आणि प्रेशर सेट करताना ट्रिगर दाबून धर, कारण गन बंद असताना काटा 6 दाखवतो आणि चालू केली की बारीक पाईप असेल तर सरळ साडेचारवर येतो, मग लोक म्हणतात गनमध्ये दम नाही.

चाकं बसवताना मात्र गनने नट फक्त टेकवायचा. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर टॉर्क (पिळायचा जोर) लागतो आणि ही गन सहज 500 च्या वर मारते, स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) ताणला जातो. शेवटचं टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. आणि गोटी बदलताना आधी पाईप काढ, बोट ट्रिगरवर नको एवढंच पुरत नाही.

आयटीआय_मास्तर
गनचं वर आलंच आहे, मला कपडे झटकण्यावर बोलायचंय कारण सगळ्यात वाईट प्रकार तिथेच होतात. आमच्या वर्कशॉपमध्ये एका मुलाने हाताच्या तळव्याला नोझल टेकवून गंमत म्हणून हवा सोडली, तळव्यावर आधीच छोटी चीर होती, त्यातून हवा कातडीखाली शिरली. मनगटापर्यंत हात फुगला आणि दाबलं की पापड चुरल्यासारखं चुरचुर वाजत होतं. नशीब, तेवढ्यावर भागलं. आणि मस्करीत मित्राच्या पार्श्वभागाला पाईप लावल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतातच, आतडं फाटून माणूस मरतो त्यात. पोरांना लाजत न बसता स्पष्ट सांग. ऐकलं नाही तर घरी पाठव.

अमेरिकेत कामाच्या जागी साफसफाईला 30 पाउंडाच्या खालीच हवा वापरायचा नियम आहे, तोही गार्ड आणि चष्मा लावून, आणि अंगावर मारायला नाहीच. आपल्याकडे ब्रश ठेव. ब्रेकच्या ड्रमवर तर हवा मारूच नको, ती धूळ छातीत जाते, ओल्या फडक्याने पूस.

शॉप_नं_7
एवढं कुठे करत बसणार राव, आम्ही 20 वर्षं 10 किलोवर चालवतोय, चष्मा बिष्मा काही नाही. काही होत नाही.

जुना_फिटर
@शॉप_नं_7 होत नाही तोवर होत नाही हो. 20 वर्षांत कानाला काय झालं ते सांगा. मला आता शिट्टी ऐकू येत नाही, बायको म्हणते टीव्ही बारीक कर आणि मला तर ऐकूच येत नाही. 30 रुपयांचा इअर प्लग तेव्हा लावला असता तर.

अजून एक, कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजनच्या बाटलीवर गन चालवायची नाही. गनमध्ये तेल असतं, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की भडका. हे करणारे मी बघितलेत म्हणून सांगतोय.

हायवे_गॅरेजवाला
सगळ्यांचे आभार. आज चष्मा आणि काळ्या गोट्या आणल्या. टाकीचा खालचा कॉक सोडला तर चहासारखं लाल पाणी आलं, बादलीभर म्हणायला हरकत नाही. आणि टाकीवर नवीन रंग मारलाय, त्याखाली कंपनीची प्लेट दिसत नाही, सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली तर जाम आहे. चालवू का?

आयटीआय_मास्तर
नको. आत्ता बंद कर, हवा सोड. लाल पाणी म्हणजे आतून पत्रा खातंय आणि व्हॉल्व्ह जाम म्हणजे प्रेशर कट-ऑफ (टाकी भरली की मोटर बंद करणारा स्विच) बिघडला तर हवेला जायला वाटच नाही. व्हॉल्व्ह 300-400 ला नवीन मिळतो पण आधी टाकीची जाडी मोजून पाण्याच्या प्रेशरवर टेस्ट करून देणारा माणूस गाठ. आणि गळका भाग सापडला तरी वेल्डिंगने ठिगळ मारायचं नाही, टाकीच बदल. ज्याने विकली त्याला प्लेट कुठे गेली ते विचार.

हायवे_गॅरेजवाला
विचारलं. फोन उचलत नाही. तोवर एल पान्यावर पाईप.