'धाडसी घरफोडी' लिहिणं थांबवायला हवं असं मला वाटतं, तुम्हाला?

उंबरठा: मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दुपारी अडीचला चोरी झाली. घरचे दोघं कामावर, चोर कुलूप तोडून आत गेले. नववीतली मुलगी क्लासवरून आली तर दार उघडं आणि आत दोन माणसं, ती पळाली नाही, जिन्यात उभं राहून एवढ्या जोरात ओरडली की आम्ही सगळे बाहेर आलो आणि ते दोघं सोनं तिथंच टाकून पळाले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा होता 'भरदिवसा धाडसी घरफोडी'. आणि मुलीबद्दल शेवटच्या ओळीत 'प्रसंगावधान राखून आरडाओरडा केला'. म्हणजे धाडस चोराचं आणि पोरीचं नुसतं प्रसंगावधान! तिने ते वाचलं आणि मला विचारलं, मावशी, ते धाडसी होते का? मला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून धाडसी चोरी, धाडसी दरोडा वाचत आलोय, कधी खटकलं नव्हतं, आता खटकतंय.

रात्रपाळी: मी अकरा वर्षं डेस्कवर काढली, असे मथळे शेकड्याने लावलेत, म्हणून बोलतो. 'धाडसी' हे कौतुक नसतं. भरदिवसा, वर्दळीत, चौकीपासून हाकेच्या अंतरावर चोरी झाली तर वाचकाला एका शब्दात कळतं की चोरांना कुणाची भीती उरली नाही. रोख असतो तो पोलिसांवर. धाडस शब्दाला नीती नसते हो, भीती असताना पुढे जाणं एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या माणसासाठी एक आणि वाईटासाठी दुसरा शब्द ठेवला तर भाषा पांगळी होईल.

पाटी_पेन्सिल: रात्रपाळी, तुमच्या बाजूने एक पुरावा देते आणि मग तुमच्या विरोधात जाते. संस्कृतात 'साहस' हा शब्द कायद्यात चक्क गुन्ह्याचं नाव होता. मनुस्मृतीत दंडाच्या तीन पायऱ्या आहेत, प्रथम साहस 250 पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम 500, उत्तम 1000. आज आपण साहसी पर्यटन म्हणतो तोच शब्द. पण कौटिल्याची व्याख्या बघा, मालकाच्या देखत बळजबरीने केलं तर ते साहस, त्याच्या पाठीमागे केलं तर ती नुसती चोरी. बंद घराचं कुलूप तोडणारा या हिशोबात साहसी ठरतच नाही. तो चोर. दरोड्याला लावा हवं तर, घरफोडीला नाही.

उंबरठा: पाटी_पेन्सिल, हे मला आजवर माहीत नव्हतं, आज संध्याकाळी तिला सांगणार. घरात कुणी नाही बघून शिरायचं यात कसली आलीय छाती.

रात्रपाळी: व्याख्या मान्य, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या अर्थाने आजचा मथळा तोलता येत नाही. शब्द चालतात तसे चालू द्यावेत.

चांदणी_चौक: शब्द चालतात खरं, पण कुठल्या दिशेने चालतात ते तर बघायला हवं ना. धीट घ्या. मूळ संस्कृत धृष्ट, म्हणजे उद्धट. हिंदीत त्याचाच ढीठ झाला, निगरगट्ट अशा अर्थाने, आणि आपल्याकडे मात्र 'पोरगी धीट आहे हो' हे कौतुक. मराठीने एका शिवीला वर उचललं, मला याचा फार आनंद वाटतो. आणि उलटंही झालंय, बोल्ड म्हटलं की आता फक्त कपडे आठवतात, 'बोल्ड अंदाज' वगैरे, एखाद्या बाईने भर सभेत सरपंचाला हिशोब विचारला तर तिला बोल्ड कुणी म्हणत नाही, आगाऊ म्हणतात. तोच हिशोब पुरुषाने विचारला की डेअरिंगबाज. उंबरठाताई, त्या मुलीचं प्रसंगावधान मला यातलंच वाटतं, मुलगा असता तर 'धाडसी' मिळालं असतं.

रात्रपाळी: हे मनाला लागलं. बातमी लिहिताना एवढा विचार होत नाही, तयार साच्यातले शब्द हाताशी असतात.

सह्यवेडा: मी लिंगाण्याच्या सुळक्यावर चढणाऱ्यातला, तर आमच्याकडचं सांगतो. आमच्यात कुणी 'डेअरिंग आहे माझ्यात' म्हणाला की जुनी माणसं त्याला मागे ठेवतात. दोर तपासलेला, बिले द्यायला, म्हणजे पडलो तर दोर धरून सांभाळायला माणूस खाली, उतरायची वाट ठरलेली, तेव्हा ती जोखीम. यातलं काहीच नसताना कड्यावर चढणं हा अविचार. लाल महालावरचा 1663 चा छापा आपण धाडसाचं उदाहरण म्हणून सांगतो पण महाराज आत कसं शिरायचं आणि बाहेर कसं पडायचं हे ठरवून गेले होते. शेअर बाजारातही बघा, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अहवालात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले (म्हणजे पुढच्या भावावर सौदे लावणारे) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, आणि माझ्या ओळखीतले दोघं त्याला 'रिस्क घेतली' म्हणतात. जोखलंच नाही तर जोखीम कसली, तो जुगार. म्हणून माझं मत, धाडस शब्दात तयारी धरायलाच हवी.

चांदणी_चौक: इथे नाही पटलं. त्या मुलीची काय तयारी होती? दोर नव्हता, बिले नव्हतं. आपल्याकडे धीर शब्दाच्या दोन तऱ्हा आहेत, 'धीर धर' म्हणजे थांब, आणि 'माझा धीर होत नाही' म्हणजे पुढे जायची हिंमत नाही. थांबणं आणि पुढे जाणं, दोन्हीला एकच शब्द. ती जिन्यात थांबली आणि ओरडली, तिने दोन्ही केलं.

सह्यवेडा: हां, ते खरंय. तिला मी अविचारी म्हणणार नाही. पण दहावीच्या पोरांना शिकवताना मी तयारीवरच जोर देणार, त्यात बदल नाही.

रात्रपाळी: उंबरठा, मी डेस्कवर असतो तर आता 'भरदिवसा घरफोडी' एवढंच लावलं असतं, एक शब्द वाचला असता उलट. आणि खाली 'नववीतल्या मुलीच्या धाडसामुळे चोर पळाले'. दरोड्याला मात्र मी धाडसी लिहिणार, त्यावर ठाम आहे.

उंबरठा: दरोड्यालाही नको. ज्यांच्या घरी पडतो त्यांना विचारून बघा एकदा.