मदत हवी आहे : १९६६ च्या मस्टँगच्या तळाला आधाराचे पाइप वेल्ड करताना टोके कशी जोडावीत?

नमस्कार. माझ्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग कूपे आहे, ४.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. तिच्या पुढच्या आणि मागच्या रेल्स (तळाखालचे लांब पोलादी दांडे) जोडणारे चौकोनी पाइप वेल्ड करायचे ठरवले आहे. जुन्या मोनोकॉक (वेगळ्या चासीविना बांधलेल्या) गाड्यांवर असे काम ज्यांनी स्वतः केले आहे किंवा समोर उभे राहून करून घेतले आहे, त्यांचा सल्ला कापाकापीच्या आधीच हवा आहे, कारण एकदा वेल्ड झालेला पाइप तळाच्या पत्र्याला इजा न करता काढणे जवळजवळ अशक्य असते.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हिला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पुढच्या दोन रेल्स इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन पेलून पुढच्या सीटच्या आसपास तळाच्या पत्र्याखाली संपतात, आणि मागच्या रेल्स मागच्या सस्पेन्शनच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे टोक जिथे बोल्टने बसते तिथून सुरू होतात. मधल्या अंतरात सगळा भार तळाचा पत्रा, मधला बोगदा (गिअरबॉक्सवरचा तळाचा उंचवटा) आणि दारांखालचे रॉकर (पत्र्याचे पोकळ उंबरठे) यांच्यावर असतो. उघड्या टपाच्या मस्टँगला छताचा आधार नसल्यामुळे कारखान्यानेच तळाला आणि रॉकरना जादा मजबुती दिली होती; कूपेला ती मिळाली नाही. माझ्या गाडीचा पुढचा एकच कोपरा जॅकवर उचलला की त्या बाजूच्या दाराची मागची फट वरच्या अंगाला डोळ्यांना दिसेल इतकी बदलते, आणि दार लावताना कुलपाची जीभ घासून बसते. रॉकर आतून ठोकून आणि टोचून पाहिले आहेत, त्यांत गंज नाही. त्यामुळे हा दोष कुजलेल्या पत्र्याचा नसून गाडीच्या मूळ लवचिकतेचा आहे, असे माझे मत आहे.

पाइप ५० × ५० मिमीचा आणि ३ मिमी जाडीचा घेतला आहे. तो तळाखाली लटकवायचा, की पत्रा कापून त्यात अर्धा बसवायचा, यावर बराच विचार केला. माझा कल पत्रा कापण्याकडे आहे. पाइपच्या दोन्ही बाजू लांबीभर पत्र्याला जोडल्या गेल्या, तर पाइप आणि तळ मिळून एकच अंग बनते. नुसता खाली लटकलेला पाइप मात्र दोन टोकांपुरताच काम करतो आणि जमिनीपासूनची उंचीही कमी करतो. अर्थात हँडब्रेकच्या केबल आणि सायलेन्सरची नळी याच वाटेने जातात, त्यामुळे पाइपची जागा आखताना त्या दोन्ही जागेवर बसवूनच मापे घेणार आहे.

गाडी कशावर उभी ठेवून वेल्ड करायची, याबद्दल माझी खात्री आहे: चारही चाकांवर, सस्पेन्शनवर पूर्ण भार असताना, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर ठेवून. दोन खांबी लिफ्टवर गाडीची दोन्ही टोके लोंबतात, आणि त्या स्थितीत पाइप जोडला तर तो वाक कायमचा गाडीत बसतो. आधी कर्णमापे घेऊन तळ चौकोनात आहे ना हे तपासायचे, दारांच्या फटी जुळवायच्या, मग सगळीकडे टाके (ठिपक्यांएवढ्या तात्पुरत्या वेल्ड) मारायचे, फटी पुन्हा मोजायच्या आणि त्यानंतरच तुकड्यातुकड्याने, डावी-उजवी बाजू आलटूनपालटून वेल्ड भरायची. सलग लांब वेल्ड ओढली तर उष्णतेने पत्रा आखडतो आणि जुळवलेल्या फटी पुन्हा हलतात.

माझी खरी अडचण टोकांची आहे. नवा पाइप ३ मिमीचा आणि जुनी रेल त्याहून बरीच पातळ, तीही इतक्या वर्षांच्या गंजाने ठिकठिकाणी झिजलेली. जाड पाइप थेट पातळ रेलला आडव्या रेषेत वेल्ड केला, तर सगळा ताण त्या एका रेषेवर येईल आणि काही वर्षांनी वेल्ड शाबूत राहून तिच्या शेजारचा पत्रा चिरेल, अशी मला भीती वाटते. म्हणून पाइपचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापून वेल्डची रेषा तिरकी आणि लांब करायची, आणि रेल व पाइप यांच्यामध्ये २ मिमीची, कोपरे गोल केलेली पट्टी घालायची, असा बेत आहे. पट्टी कडेने वेल्ड करण्याबरोबरच तिला ८ मिमीची भोके पाडून ती भोके वेल्डने भरावीत का? रेलच्या खालच्या अंगावर आडवी वेल्ड पूर्णपणे टाळून फक्त उभ्या बाजूंवर भरणे पुरेसे होईल का?

वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्राने), ०.८ मिमी तारेने आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर होणार आहे. ३ मिमीला लागणारा करंट पातळ पत्र्याला भोक पाडतो, त्यामुळे आर्कचा (विजेच्या ज्योतीचा) रोख जाड भागावर ठेवून वितळलेला धातू पातळ भागाकडे आणायचा, हे तत्त्व माहीत आहे. पण डोक्यावर हात करून, उताण्या अवस्थेत ते किती साधते, हे अनुभवी माणसानेच सांगावे.

सुरक्षेबाबत कोणी काळजी करू नये. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो, म्हणून टाकी आणि पेट्रोलची नळी काढून दूर ठेवणार आहे. बॅटरी सोडवलेली असेल. रेल पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मुळीच वापरणार नाही, कारण त्याचा अंश आर्कखाली आला की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. असे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट तरी पाळावीच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक शंका उरते. पाइप आतून कसा राखावा? दोन्ही टोके हवाबंद केली, तर पुढे एखादी बारीक चीर पडल्यावर आत शिरलेल्या ओलाव्याला वाट राहत नाही. उलट खाली निचऱ्याची भोके ठेवून आत गंजरोधक मेण फवारले, तर ते अधूनमधून पुन्हा फवारावे लागते. मी भोके ठेवण्याच्या बाजूचा आहे. ज्यांच्या गाडीला असे पाइप लावून दहा-पंधरा वर्षे झाली असतील, त्यांनी पाइप हवाबंद ठेवला होता की उघडा, आणि टोकांजवळच्या जुन्या रेलला कुठे चीर गेली का, एवढे पाहून कृपया कळवावे. शक्य असल्यास टोकाच्या जोडाचे खालून घेतलेले छायाचित्रही द्यावे.